जे गाळलं तेवढं वाचलं

१९१० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पर्की नावाच्या एका संशोधक बाईंनी केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसाला दुधी काचेसमोर बसवायचं आणि सांगायचं, काचेकडे बघत राहा आणि तिथे एक टोमॅटो आहे अशी कल्पना करा. टोमॅटो झाला की पुस्तक, मग केळं, संत्रं, झाडाचं पान, लिंबू. समोरचा माणूस मन लावून कल्पना करायचा. इकडे काचेच्या पलीकडून त्याच वस्तूचं फिकट रंगीत चित्र, आधी मुळीच दिसणार नाही इतकं मंद, मग दिसेल न दिसेल इतपत, हळूहळू काचेवर पाडलं जायचं. याची त्याला गंधवार्ता नसायची. माणसं त्या चित्राचं वर्णन करायची आणि ते आपल्याच मनातून आलं असं छातीठोकपणे सांगायची. काहींना तर नवल वाटलं, की केळ्याची कल्पना आपण एका रीतीने करत होतो आणि दिसलं मात्र ते उभं! पण म्हणून काचेचा कुणाला संशय आला नाही. नंतर खरा प्रकार सांगितला, तर काही जण मानायला तयार होईनात.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यातल्या जादूगार गँडाल्फचं काय झालं, याचा मला जरा उलगडा झाला.

टॉल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मी चित्रपट येण्याआधी वाचली होती. तेव्हाचा माझा गँडाल्फ कुणीतरी वेगळा होता, एवढं शपथेवर सांगतो. कसा होता, ते मात्र आता सांगता येत नाही. पान उघडलं की चित्रपटातले गँडाल्फ, इयन मॅकेलन, बोलायला लागतात. मोरियाचंही तेच. डोंगर कोरून केलेलं ड्वॉर्फ लोकांचं ते पाताळातलं राज्य मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा त्याची दालनं मी वेरूळहून उचलली होती. कैलासाच्या मागच्या ओवऱ्यांमधला अंधार, घामेजलेला काळा दगड, आणि वटवाघळांचा तो उग्र वास. २००१ साली पीटर जॅक्सनच्या पहिल्या चित्रपटात उंचच उंच खांबांची मोरिया दिसली आणि माझं वेरूळ मागच्या मागे विरघळलं. वास तेवढा राहिला, कारण चित्रपटाला वास नसतो.

स्मरणशक्ती अशी का वागते, यावर २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. विद्यार्थ्यांना इतिहासातल्या घटनांवरचा अचूक मजकूर वाचायला दिला, आणि त्याच घटनांवरच्या चित्रपटांतले काही भाग दाखवले. चित्रपटांत काही गोष्टी सरळसरळ चुकीच्या होत्या. पुढे प्रश्न विचारले तेव्हा पुष्कळांनी चित्रपटातली चूक उत्तर म्हणून दिली, तीही आत्मविश्वासाने. आणि आपण हे मजकुरातच वाचलं, असंही काहींना वाटत होतं. नेमकी कोणती गोष्ट चुकीची आहे हे आधी बजावून ठेवलं, तरच ती चूक आटोक्यात राहिली. टॉल्किनच्या वाचकांकडे याचा घरचा पुरावा आहे. पुलावर उभा राहून गँडाल्फ त्या अग्निराक्षसाला अडवतो, तो प्रसंग. पुस्तकात तो, तुला इथून जाता येत नाही, अशा अर्थाचं बोलतो. एखादी वस्तुस्थिती सांगावी तसं. पडद्यावर शेवटच्या गर्जनेत त्याचा हुकूम झाला. आज पुस्तक कोळून प्यायलेल्या माणसालाही विचारा, तो तुम्हाला हुकूमच म्हणून दाखवेल.

पण खरी गंमत याच्याही अलीकडे आहे. जे पुसलं गेलं म्हणून आपण हळहळतो, ते मुळात होतं काय?

वोल्फगांग इझर नावाचे जर्मन साहित्य-अभ्यासक होते. वाचताना मनात नेमकं काय घडतं, हा त्यांच्या आयुष्याचा विषय. त्यांनी 'टॉम जोन्स' या जुन्या इंग्रजी कादंबरीचं उदाहरण घेतलं. कादंबरी वाचलेला माणूस तिच्यावरचा चित्रपट बघतो आणि म्हणतो, मी नायक असा नव्हता कल्पिला. मग कसा कल्पिला होता? इथे तो अडखळतो. नाक कसं होतं, कपाळ केवढं, काही सांगता येत नाही. इझर यांचं निरीक्षण असं, की वाचकाच्या मनातल्या पात्राला बघण्याजोगा चेहरा बहुधा नसतोच. अनेक शक्यता एकाच वेळी मोकळ्या असतात, आणि ते मोकळेपण हीच त्याची श्रीमंती. पडदा त्यातली एक निवडतो आणि बाकीच्या बंद करतो. म्हणजे आपल्याजवळ चित्र नसतं. आणि तरीही समोर आलेल्या चित्राला 'छे, हा नव्हे' म्हणण्याइतकी खातरी मात्र असते! चेहरा माहीत नसताना चुकीचा चेहरा ओळखू येतो, या साध्या गोष्टीने मी अजून चकित होतो.

टॉल्किन तर चेहऱ्यांच्या बाबतीत चांगलेच कंजूष होते. हजारभर पानांच्या कादंबरीचा नायक फ्रोडो, बुटक्या हॉबिट जमातीतला, पण त्याच्या रूपाविषयी मिळून दोन-चार ओळी मिळतात: हनुवटीला खळी, डोळ्यांत चमक, इतर हॉबिटांहून थोडा उंच आणि उजळ. वय मात्र पक्कं सांगितलंय. सगळी कथा जिच्याभोवती फिरते ती शापित अंगठी घेऊन घर सोडतो तेव्हा तो पन्नाशीचा असतो. ती अंगठी त्याच्याकडे येऊन तोवर सतरा वर्षं झालेली असतात. हॉबिट शंभरीपर्यंत सहज जगतात हे धरलं तरी तो पोरसवदा नाही. चित्रपटातला फ्रोडो झालेला एलायजा वुड चित्रण सुरू झालं तेव्हा अठरा वर्षांचा होता. हा तीन चित्रपटांमधला बहुधा सगळ्यात मोठा बदल, पण त्याबद्दल फारशी आरडाओरड झाली नाही. उलट लेगोलास या एल्फचे केस सोनेरी का, यावर माणसं हमरीतुमरीवर आली. लेगोलासच्या केसांचा रंग पुस्तकात कुठेही दिलेला नाही.

या सगळ्याचा विचार खुद्द टॉल्किननी फार आधी करून ठेवला होता. मार्च १९३९ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यांनी परीकथांवर एक व्याख्यान दिलं. ते पुढे वाढवून निबंध म्हणून छापलं. त्याच्या टिपांमध्ये चित्रांबद्दल एक कठोर मत आहे: चित्रं कितीही सुंदर असली तरी परीकथेला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. कारण त्यांनी भाकरीवरून समजावलंय. ते ब्रेड म्हणतात, आपण भाकरी म्हणू. गोष्टीत कुणी भाकरी खाल्ली असं आलं, तर चित्रकाराला किंवा नाटकवाल्याला अमुक एक भाकरी दाखवावी लागते. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र भाकरी म्हणजे काय ते सगळं एकदम जागं होतं, आणि तिला तो आपल्या घरच्या भाकरीचं रूप देतो. तसंच टेकडीचं. कुणी टेकडी चढला आणि खाली खोऱ्यात त्याला नदी दिसली, एवढं वाक्य पुरे. ऐकणारा आजवर पाहिलेल्या सगळ्या टेकड्यांतून ती टेकडी घडवतो, आणि त्यातही ज्या टेकडीने त्याला पहिल्यांदा टेकडी म्हणजे काय ते शिकवलं, ती सगळ्यांच्या वर असते.

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात 'मिडल-अर्थ' कशाचं बनत असेल, हे मग निराळं सांगायला नको. आमची पहिली टेकडी सह्याद्रीची. माथा सपाट, कडा उभा, उन्हाळ्यात करपलेली, पावसात हिरवी. त्यामुळे अनेकांचं मॉर्डोर, ते काळं, राखेचं, भेगाळलेलं राष्ट्र, घाटातल्या काळ्या कातळाचं असणार. आणि ते चुकीचंही नाही. दख्खनचं पठार म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतलेला लाव्हाच. जॅक्सनने न्यूझीलंडमधली ज्वालामुखी शिखरं निवडली. आपल्या वाचकाने, काही ठाऊक नसताना, आपल्या पायाखालचा ज्वालामुखी निवडला होता. मुग्धा कर्णिक यांनी ही कादंबरी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली, ती मात्र चित्रपटांनंतर. त्या वाटेने आलेल्या वाचकांना चेहरे आणि डोंगर आयते मिळाले. त्यांचं काही गेलं असं त्यांना वाटत नाही, कारण जायला आधी काही नव्हतं. पर्कीबाईंच्या काचेपुढे ते पहिल्यापासून दिवा लावूनच बसले.

शब्दांची ही मोकळीक किती दूर जाऊ शकते, त्याचा माझा आवडता नमुना म्हणजे बालरॉगचे पंख. बालरॉग म्हणजे तोच, पुलावरचा, अंधार आणि आगीचा राक्षस. टॉल्किन आधी सांगतात की त्याच्याभोवतीची सावली दोन अवाढव्य पंखांसारखी पसरली. 'सारखी'. म्हणजे उपमा. पण थोड्याच ओळींनंतर ते म्हणतात, पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले. आता 'सारखी' नाही. मग पंख आहेत की नाहीत? चाहत्यांचे यावर दोन तट पडले आणि वर्षानुवर्षं वाद झडले. पंख आहेत तर तो दरीत पडला कसा, उडाला का नाही, असं एक पक्ष विचारतो. शहामृगालाही पंख असतात, असं दुसरा सुनावतो. एक पक्ष वाक्यरचनेचा कीस पाडतो, दुसरा टॉल्किनच्या इतर लेखनातले दाखले आणतो. आपल्याकडे एखाद्या ओवीच्या अर्थावर असे वाद रंगतात, त्यामुळे हा प्रकार मला मुळीच वेडगळ वाटत नाही. त्या दोन वाक्यांमध्ये टॉल्किननी जे केलंय ते भाषेलाच जमतं: सावली बघता बघता शरीर होते, आणि नेमकी कुठल्या क्षणी झाली ते वाचणाऱ्याला सापडत नाही. भीतीही अशीच चढते. चित्रपट बनवणाऱ्यांना मात्र एका सकाळी बसून ठरवावं लागलं, पंख काढायचे की नाही. त्यांनी काढले, धुराचे आणि सावलीचे, आणि चांगले काढले. तो बालरॉग फार देखणा आहे. पण वाद संपला. पुढच्या पिढीच्या वाचकाला ती दोन वाक्यं वाचताना अडखळायचं कारणच उरलं नाही.

टॉल्किन हे सारं नुसतं तत्त्व म्हणून बोलत नव्हते. चित्रपटवाल्यांशी त्यांचा प्रत्यक्ष सामना झाला होता. १९५७ साली अमेरिकेतून काही मंडळी या कादंबरीवर अॅनिमेशनपट करायचा प्रस्ताव घेऊन आली. पुढच्या वर्षी त्यांच्या कथारूपरेषेवर टॉल्किननी जे लांबलचक टिपण लिहिलं, ते वाचताना वर्गातला सर्वांत आळशी पेपर तपासणारे प्राध्यापक डोळ्यांपुढे येतात. गरुडांना उठसूट वाहन म्हणून का वापरलंय? ऑर्कांना चोची आणि पिसं कुठून आली? एल्फ लोकांची प्रवासातली पवित्र भाकरी म्हणजे काय कारखान्यातलं सत्त्व आहे? बालरॉग बोलत नाही, कसला आवाजही करत नाही, हसत तर मुळीच नाही. (जॅक्सनचा बालरॉग आल्या आल्या डरकाळी फोडतो.)

त्या टिपणातली एक गोष्ट मात्र चाहत्यांच्या नेहमीच्या तक्रारीला पार उलटी आहे. हेल्म्स डीपची लढाई आणि एंट, म्हणजे चालत्या-बोलत्या झाडांसारखे ते वनरक्षक, या दोन्हींना पुरेसा वेळ देता येत नसेल, तर एक सरळ काढून टाका, असं टॉल्किन सांगतात. आणि काढायचीच तर लढाई काढा. ती मुख्य कथेच्या बाजूची आहे. जॅक्सनच्या दुसऱ्या चित्रपटाचा कळस म्हणजे हीच लढाई, रात्रभर पावसात चालणारी. पुस्तकात ती एका प्रकरणात आटोपते. लेखकाला गाळण्याचं दुःख नव्हतं. अर्धवट दाखवण्याचं होतं, घाईत आवळून विरूप करण्याचं होतं. चाहते मात्र चित्रपटगृहातून बाहेर पडले की पहिल्यांदा यादी काढतात ती गाळलेल्या गोष्टींची.

तरीही टॉल्किन पडद्याचे कट्टर वैरी होते असं समजू नये. त्यांचं धोरण व्यवहारी होतं: एक तर भरपूर पैसे द्या, नाहीतर पटकथेवर आमचा शब्द चालू द्या. १९६९ साली त्यांनी हक्क युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीला विकून टाकले. आणि आवाजाच्या बाबतीत तर त्यांनी स्वतःच आपल्या पुस्तकाचं पहिलं रूपांतर केलंय. १९५२ मध्ये, हस्तलिखित प्रकाशकाविना पडून होतं तेव्हा, ते माल्व्हर्नला जॉर्ज सेयर या मित्राकडे गेले होते. सेयरनी टेपरेकॉर्डर बाहेर काढला. टॉल्किननी आधी गॉथिक भाषेत ख्रिस्ती प्रार्थना म्हणून यंत्रातलं भूत उतरवलं, आणि मग पुस्तकातले उतारे वाचले. अंगठीने पछाडलेल्या गॉलमचा चिरका, सळसळता आवाज काढून. ते ध्वनिमुद्रण आज ऐकता येतं. पुढे अँडी सर्किसने पडद्यावर गॉलमचा आवाज शोधला तो आपल्या मांजरीच्या घशात, ती केसाचा गोळा बाहेर काढताना करते त्या खाकरण्यात. तीनही चित्रपटांत वाचकांनी सगळ्यात कमी कुरकुर करत स्वीकारलेलं पात्र बहुधा गॉलमच. चेहऱ्याबद्दल पुस्तक मोघम आहे, पण आवाजाबद्दल नाही. बोलण्याची लकब, घशातली घरघर, स्वतःशीच भांडणारी वाक्यं, सगळं छापलेलं आहे. जिथे पुस्तकच पक्कं बोलतं, तिथे वाचकाने आपल्या पदरचं थोडंच घातलेलं असतं आणि हिरावून घेण्यासारखंही थोडंच असतं.

आकाराबद्दल मात्र गॉलमही एकेकाळी मोकळा होता. १९६२ साली टॉल्किनच्याच 'द हॉबिट'ची नवी स्वीडिश आवृत्ती निघाली, तिची चित्रं मूमिन-कथांच्या टूव्हे यान्सन यांनी काढली. त्यांचा गॉलम अवाढव्य, नायक बिल्बोच्या कैकपट मोठा, डोक्यावर पानांचा मुकुट! पुस्तकात गॉलम केवढा आहे हे दिलेलंच नव्हतं, त्यामुळे चूक कुणाची म्हणायची? त्यानंतरच्या आवृत्तीत टॉल्किननी गॉलमच्या वर्णनात तो लहानखुरा असल्याचं घालून टाकलं. मोकळी राहिलेली एक शक्यता लेखकानेच कडी लावून बंद केली.

एवढं सारं वाकडं असताना जॅक्सनचे चित्रपट कोट्यवधी वाचकांनी डोक्यावर का घेतले? ऑस्करचा हिशोब बाजूला ठेवू (तिसऱ्याला अकरा नामांकनं, अकराही मिळाली). एक कारण मला फार चतुर वाटतं. जॅक्सनने अॅलन ली आणि जॉन हाऊ या दोन चित्रकारांना न्यूझीलंडला नेलं. टॉल्किनच्या जन्मशताब्दीच्या सचित्र आवृत्तीत लींची पन्नास चित्रं होती. हाऊंची चित्रं मुखपृष्ठांवर आणि कॅलेंडरांवर घरोघरी लागली होती. म्हणजे इंग्रजी वाचकांच्या मनावर या दोघांनी दहा वर्षं आधीच मंद चित्र पाडायला सुरुवात केलेली होती. पडद्यावर ते उजळलं तेव्हा लोक म्हणाले, अरे, अगदी माझ्या मनातलं! दुसरं कारण श्रमाचं. हॉबिटांच्या गावच्या बागा चित्रणाच्या वर्षभर आधी लावल्या, म्हणजे रोपं मुरलेली दिसावीत. चिलखतांसाठी प्लास्टिकच्या एक कोटीहून अधिक कड्या हाताने एकमेकींत ओवल्या. पडद्यावर कडी कुणी मोजत नाही, पण आपल्या वेडापेक्षा समोरच्याचं वेड कमी नाही हे चाहत्याला वासावरून कळतं.

पण म्हणून भांडणं थांबली नाहीत. एल्फकन्या आर्वेन हेल्म्स डीपला तलवार घेऊन लढणार अशी बातमी फुटली तेव्हा वाचक खवळले. काही चित्रण झालेलं असूनही शेवटी तिला त्या लढाईतून काढलं गेलं. फॅरामिर या योद्ध्याचं प्रकरण जास्त खोल आहे. पुस्तकात अंगठी हाताशी आलेली असूनही तो तिला नकार देतो, शांतपणे. आपल्यासारखं पात्र कोणतं असेल तर ते फॅरामिर, असं टॉल्किननी एका पत्रात म्हटलंय. चित्रपटात तोच फ्रोडोला कैद करून वडिलांकडे न्यायला निघतो. पटकथाकारांची बाजू अशी, की दोन चित्रपट या अंगठीपुढे भलेभले ढासळतात असं दाखवायचं आणि मध्येच एकाने तिला सहज बाजूला सारायचं, तर प्रेक्षकाचा धाक निघून जातो. पडद्यापुरता हा युक्तिवाद मला पटतो, आणि फॅरामिरवरचा अन्याय अजूनही सहन होत नाही. ही दोन्ही मतं माझ्याकडे गेली वीस वर्षं गुण्यागोविंदाने नांदतायत. दोन ख्रिस्तोफरांमध्ये मात्र ती वाटली गेली. वडिलांचे कागद आयुष्यभर संपादित करणारे ख्रिस्तोफर टॉल्किन २०१२ साली 'ल मोंद'ला दिलेल्या मुलाखतीत कडवटपणे बोलले: पुस्तकाची आतडी काढून पोरासोरांसाठी मारधाडपट केला. नट ख्रिस्तोफर ली दरवर्षी ही कादंबरी वाचत आणि टॉल्किनना एकदा प्रत्यक्ष भेटलेही होते; ते त्याच मारधाडपटात आनंदाने दुष्ट जादूगार सारुमान झाले. आणि तिसऱ्या चित्रपटातून आपला प्रसंग कापला गेल्याचं कळल्यावर रागावलेही.

'द हॉबिट'वर मी रेंगाळणार नाही. जेमतेम तीनशे पानांच्या मुलांच्या पुस्तकाचे तीन चित्रपट केले; चाहत्यांनीच मग घरी बसून ते कापले आणि चार तासांची आवृत्ती तयार करून दाखवली.

सगळ्याच रूपांतरांचा राग या एका जातीचा नसतो, हेही सांगायला हवं. अर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी' मालिकेतला जादूगार गेड तांबूस तपकिरी वर्णाचा आहे. तिथली बहुतेक माणसं काळीसावळी, गोरे ते थोडे आणि परके. १९६८ साली इंग्रजी फँटसीत हे कुणी करत नव्हतं. बाईंनी ते जाणूनबुजून केलं होतं. २००४ साली अमेरिकेतल्या एका वाहिनीने त्यावर मालिका काढली आणि गेड गोरा केला. ले ग्विननी जाहीर लेख लिहून फटकारलं. इथे वाचकाची मोकळी शक्यता बंद झालेली नव्हती. लेखिकेने स्पष्ट लिहिलेली ओळ खोडली गेली होती. दोन वर्षांनी जपानमध्ये गोरो मियाझाकी यांनी त्याच पुस्तकांवरून अॅनिमेशनपट केला. तो पाहून बाईंनी त्यांना सांगितलं, की हे माझं पुस्तक नव्हे, हा तुमचा चित्रपट आहे, आणि चांगला चित्रपट आहे. पाच-सहा शब्दांच्या फरकाने दुखावायचं आणि सुखवायचं, दोन्ही एका वाक्यात!

कधीकधी वाचकांना पडद्याकडून निव्वळ आसुरी आनंदही मिळतो. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबरीतलं ते रक्तरंजित लग्न २००० साली छापलं गेलं. त्यावरच्या 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेत ते २०१३ साली आलं. तेरा वर्षं तोंड शिवून बसलेल्या वाचकांनी त्या रात्री टीव्हीकडे पाठ फिरवली आणि शेजारी बसलेल्या बिनवाचक मित्रांचे चेहरे कॅमेऱ्यात टिपले. पुढे नियतीने हिशोब चुकता केला. मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली आणि २०१९ साली संपली, तेव्हा ठरवलेली दोन पुस्तकं यायचीच होती. आता अज्ञानी कोण, तर वाचक.

आणि काही वाचकांना हा सगळा वादच परका वाटतो. मिटल्या डोळ्यांपुढे ज्यांना काहीच दिसत नाही अशी माणसं असतात. २०१५ साली ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ अॅडम झीमन आणि सहकाऱ्यांनी या प्रकाराला अफँटेशिया हे नाव दिलं. त्यांना फ्रोडो दिसत नाही, त्याचा मुलूख शायरही दिसत नाही, तरी ते तासन्‌तास वाचतात. त्यांतल्या एखाद्याला पडदा चेहरा हिरावून घेत नाही, पहिल्यांदाच देऊ करतो. आश्चर्य म्हणजे पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी स्वतःला असंच असल्याचं सांगितलंय, आणि डिस्नेच्या जलपरीचं, एरियलचं, रेखाटन करणारे ग्लेन कीन यांनीही. जगभरच्या मुलांच्या मनात कायमची चित्रं उमटवणाऱ्या या माणसांच्या मनाचा पडदा कोरा आहे.

आता टॉम बॉम्बॅडिल. पिवळे बूट, निळा कोट, टोपीत पीस, सदा गाणारा हा जंगलातला म्हातारा पहिल्या खंडात येतो, अंगठी बोटात घालतो आणि अदृश्य होत नाही. जगातला सर्वांत बलाढ्य शाप त्याच्यापुढे निव्वळ दागिना ठरतो. तो कोण, हे कुणालाच कळत नाही. काही कोडी सुटू नयेत म्हणून आपण त्याला मुद्दाम तसा ठेवला, असं टॉल्किननी कळवलंय. जॅक्सनने त्याला पूर्ण गाळला. गाळलेल्यांच्या यादीत चाहते गेली दोन दशकं सर्वांत वर त्याचंच नाव लिहितात, आणि मीही लिहीत होतो. पण आज पुस्तक उघडून बसलं, की गँडाल्फ मॅकेलनचा, अरॅगॉर्न व्हिगो मॉर्टेन्सनचा, मोरिया न्यूझीलंडची. आणि मध्ये ती बॉम्बॅडिलची तीन प्रकरणं आली की अचानक सगळं परत माझं होतं. त्याचा आवाज माझ्या ओळखीतल्या एका कीर्तनकारबुवांचा आहे, तो कुणी बदललेला नाही. त्याच्या घरामागचा ओढा आमच्या गावचा आहे. गाळून जॅक्सनने त्याला माझ्यापुरता राखून ठेवला होता.

राखून 'ठेवला होता', कारण २०२४ साली 'द रिंग्ज ऑफ पॉवर' या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात टॉम बॉम्बॅडिल पडद्यावर आला. रॉरी किनिअर हा उत्तम नट ती भूमिका करतो असं ऐकतो. मी ते भाग पाहिलेले नाहीत आणि पाहणार नाही. घरातल्या धाकट्या मंडळींना हा शुद्ध हेकटपणा वाटतो.

पण मूळ टॉम तरी कुठे कोऱ्या शब्दांतून आला होता? टॉल्किनच्या मुलांकडे एक डच बाहुला होता, टोपीत पीस खोवलेला. तो मायकेलचा. वडिलांनी त्याच्यावर गोष्टी रचल्या, १९३४ साली कविता छापली, आणि मग त्याला कादंबरीत नेऊन बसवलं. थोरल्या जॉनला मात्र तो बाहुला अजिबात आवडायचा नाही. एके दिवशी त्याने टॉम बॉम्बॅडिलला उचलून संडासात कोंबला. घरच्यांनी वेळेवर बाहेर काढला म्हणून, नाहीतर एवढ्या भांडणाला विषयच उरला नसता.